कोटावरून बांधलेला पट्टा

दुधाच्या टँकरवरच्या बाईंनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं सांगत बसलो तर मारामारीच लक्षात राहते आणि बाई मागे पडतात. ताईला हा किस्सा मी चार वेळा सांगितला, चारही वेळा असंच झालं.

बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात गोठ्यागोठ्यातून दूध भरून घ्यायचं आणि डेअरीला पोचवायचं, हे त्यांचं काम. सकाळी दहाला त्यांचा लांबलचक चकचकीत टँकर आमच्या दुकानासमोर उभा राहायचा. काळी कॉफी आणि दालचिनीचा एक रोल. मला त्या ‘किड’, म्हणजे पोर, म्हणायच्या. मी तोंडावर मॅडम म्हणायचो, मनात मावशी.

दुकान दाजींचं, म्हणजे ताईच्या यजमानांचं. दाजी स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला आले आणि तिथेच युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. पंचवीस मैलांवर त्यांनी हे दुकान घेतलं. पुढे पेट्रोलचे दोन पंप, आत ब्रेड, सिगरेटी, मासे धरायचे गळ. ते सांभाळायला घरचं माणूस हवं म्हणून ताईनं मला कराडहून बोलावून घेतलं. मी नववीत शाळा सोडलेली, सायकलच्या दुकानात कामाला होतो. इथे मिळालं ते माझ्या लायकीपेक्षा जास्तच होतं, आणि ते कधी जाईल याची धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. ताई-दाजी त्या गावातच राहायचे. मी दुकानापासून दीड मैलावर, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात. त्याला ट्रेलर म्हणतात.

ऑगस्टमध्ये भर दुपारी दोघं आत आले. तोंडाला रुमाल, एकाच्या हातात पिस्तूल. मी न सांगता गल्ला उघडला आणि हात वर केले. तरी त्यानं मारलं. का मारलं, ते मला आजही सांगता येणार नाही. पिस्तुलाचा दस्ता डाव्या कानामागे बसला आणि कानात शिट्टी वाजायला लागली. मी काउंटरखाली पडलो. मग बूट. त्या बुटांच्या नाड्या कातडी होत्या, भगव्या रंगाच्या. एवढं जवळून बघितलं की विसरणं शक्य नाही. दोन बरगड्या गेल्या. शेवटी त्यानं माझ्या उजव्या हाताची बोटं बुटाखाली घेतली आणि सावकाश भार टाकला, सिगरेट विझवतात तसा. मग वाकून म्हणाला, “तू कुठल्या ट्रेलरमध्ये राहतोस ते मला ठाऊक आहे.”

डावा कान गेला तो गेलाच.

मी हॉस्पिटलातून आलो त्या आठवड्यात दाजींनी सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर विकत आणलं, जुनं, पट्ट्यासकट. दाजी सगळं कागद वाचून करणारे. मला समोर बसवलं.

“नीट ऐक. दुकानात कसंही ठेव. रस्त्यानं पायी जाताना कमरेला उघडं दिसत असेल तर चालतं, लायसन लागत नाही. झाकलं की लायसन लागतं. आणि गाडीत घेऊन बसायचं नाही, त्यालाही लायसन लागतं.”

“दाजी, उघडं चालतं आणि झाकलेलं चालत नाही?”

“हो.”

“हे उलटं नाही का?”

“कायदा मी केलाय का? आणि मी म्हणतो, ते दुकानाच्या ड्रॉवरमध्येच राहू दे.”

पण ड्रॉवरमध्ये ठेवून मी ट्रेलरवर काय करणार होतो? त्याला माझा ट्रेलर ठाऊक होता. मी पट्टा बांधला तो सोडलाच नाही.

लायसन काढू म्हटलं तर शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, फॉर्मवर नात्यात नसलेल्या दोन माणसांची नावं हवी होती. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी फॉर्म ओढून घेऊन स्वतःचं नाव लिहिलं. “दुसरं?” म्हणाल्या. या देशात येऊन अडीच वर्षं झाली होती आणि ताई-दाजी सोडून मला ओळखणारं माणूस एकच होतं, ते समोर कॉफी पीत होतं. फॉर्म तसाच ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

म्हणजे गाडी बंद. दाजी आले की “बस, सोडतो” म्हणायचे, मी नको म्हणायचो. रोज दीड मैल जाणं, दीड मैल येणं, पायी. पिस्तूल होतं म्हणून मी गाडीत बसत नव्हतो आणि पायी जायची भीती वाटे म्हणून पिस्तूल बाळगत होतो. यात काही चुकतंय हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं.

ऑक्टोबर लागला तशी थंडी आली आणि मी कोट घालायला लागलो. आपल्याकडची सवय कशी असते, असली वस्तू झाकायची. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार होते, त्यांची बंदूक गोधड्यांमागे असायची. अख्ख्या गल्लीला ठाऊक, पण पाहिलेली कुणीच नाही. पोस्टात किंवा चर्चवरून जाताना मला लाजच वाटायची. मी कोट पुढे ओढून बटणं लावायचो.

एका सकाळी बाई टँकरमधून उतरल्या आणि थेट माझ्याकडे आल्या.

“किड, ते पिस्तूल कुठे आहे?”

“आत आहे मॅडम. कुणाला त्रास नको म्हणून झाकलंय.”

“कुणाला त्रास नको म्हणून तू तुरुंगात जाणार. कोट उघडा ठेव. नाहीतर पट्टा कोटावरून बांध.”

“वरून? लोक बघतील.”

“बघू देत. बघावं म्हणूनच तर तसा कायदा आहे. शेरीफसारखा बिल्ला तेवढा लावू नकोस, नाहीतर लोक तुझ्याकडे कुत्री हरवल्याची तक्रार घेऊन येतील.”

त्यांनीच पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडून दिलं, खिशातल्या चाकूनं. तेव्हापासून कोटावरून पट्टा. एकदा शेरीफच्या माणसानं गाडी आडवी लावून मला थांबवलं. स्वतःच्या पिस्तुलावर हात ठेवून अर्धा तास प्रश्न विचारले आणि शेवटी सोडून दिलं. शिकारीला निघालेले गोरे लोक याच रस्त्यानं तसंच बांधून जायचे, त्यांना तो हात हलवायचा. कायदा माझ्या बाजूनं होता आणि मला त्यातच समाधान होतं.

खंडेनवमीला ताई तबक घेऊन दुकानात आली. गावातल्या नर्सरीतून झेंडूची फुलं आणली होती. गल्ल्याची पूजा, पंपांची पूजा, टायर खोलायचे पाने, ब्रेड कापायची सुरी. मग माझ्याकडे हात पुढे केला.

“आण ते.”

“अगं, लोडेड आहे,” दाजी म्हणाले.

“मग काय, देवीपुढे रिकामं ठेवू?”

“त्यात काही सांडू नकोस एवढंच.”

“अहो, तुमच्या कॉम्प्युटरवर टाकते तेव्हा नाही बोलत.”

तिनं हळद-कुंकू वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या, हात जोडले. गिऱ्हाईक यायच्या आत मी फडक्यानं पुसून पट्ट्यात घातलं. वरवर पुसलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी दुकान ताईवर सोपवून ट्रेलरकडे निघालो. रस्त्याच्या उजव्या कडेनं चाललो होतो. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे मागून येणारी माझ्या डाव्या अंगानं जाते, आणि माझा डावा कान गेलेला. मागून पिकअप आली ती मला कळलीच नाही. तिचा आरसा खांद्यावर बसला आणि मी चरात पालथा पडलो.

उठून बघतो तर एकजण उतरला होता, हातात टायरची लोखंडी पहार. दुसरा स्टिअरिंगवर. उतरलेला म्हणाला, “पट्टा सोड. छान दिसतंय ते, आठवडाभर बघतोय.” रुमाल नव्हता, चेहरा मी कधीच पाहिला नव्हता. पण बुटांच्या नाड्या भगव्या होत्या.

त्यानं पहार मारली ती मी कोपरावर घेतली. हाड वाजल्याचं मला उजव्या कानानं ऐकू आलं. दुसरा फटका मांडीवर. तिसऱ्याला मी खाली वाकून त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली, सगळा जीव लावून. तो मागे गेला आणि चरातल्या सिमेंटच्या पाइपवर डोकं आपटलं. पहार लांब उडाली. गाडीतल्यानं ते पाहिलं आणि गाडी पळवली. जोडीदाराला टाकून.

आता तो चार पायांवर होता. कपाळातून रक्त गळत होतं, एक हात वर. “ओके,” म्हणत होता. “ओके, ओके.”

इथपर्यंत कायदा माझ्या बाजूनं होता. इथून पुढे नव्हता आणि ते मला ठाऊक होतं. दाजींनी तेही वाचून दाखवलं होतं, समोरच्यानं सोडलं की आपणही सोडायचं. मी सोडलं नाही. त्याचा जमिनीवर टेकलेला हात बुटाखाली घेतला आणि सावकाश भार टाकला. तो ओरडला. मला ते ओरडणं बरं वाटलं. मग पिस्तूल काढलं, त्याच्या डोक्याच्या मागे हातभर अंतरावर धरलं आणि चाप ओढला.

गोळी उडाली नाही. काडतुसावर आपटणारा मागचा घोडा पडला, पण काहीतरी मऊ कुस्करल्यासारखा आवाज आला. पोलिसांनी नंतर उघडून पाहिलं तेव्हा घोड्याच्या फटीत चुरडलेला लाल तांदूळ निघाला. ताई म्हणते, देवीनं अडवलं. असेल. पण पहिल्यांदा अडलं म्हणून मी थांबलो नाही. मी परत चाप ओढला आणि या वेळी फटीत काही नव्हतं.

डेअरीहून परतणारा बाईंचा टँकर माझ्या मागे वीस पावलांवर येऊन थांबला होता, इंजिन चालू. तेही मी ऐकलं नव्हतं. डाव्या बाजूनं एक जाड हात आला, माझ्या मुठीवरून गेला आणि घोडा खाली येत असताना मध्ये अंगठा घातला. जुन्या रिव्हॉल्वरच्या घोड्याला पुढे खिळ्यासारखं टोक असतं. ते टोक बाईंच्या अंगठ्यात नखाखाली घुसलं. रक्त माझ्या मनगटावरून कोटाच्या बाहीत उतरलं, गरम.

“किड,” त्या म्हणाल्या. कॉफी मागताना असायचा तोच आवाज. “आता सोड. माझा अंगठा आत आहे.”

मी लगेच सोडलं नाही, हेही लिहितो. त्यांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून उलगडली. करंगळी उलगडली तेव्हा मी खाली बसलो.

पोलीस आले. माझ्या कोपराला फळी बांधत होते आणि बाई टँकरच्या पायरीवर बसून सांगत होत्या. अंगठ्याला दुधाचा नळ पुसायचं फडकं गुंडाळलेलं.

“दोघं होते. त्याच्या हातात पहार होती. पोरानं एकदा चाप ओढला, पहार वर असताना. उडालं नाही. मग मी म्हटलं दे इकडे, त्यानं माझ्या हातात दिलं.”

“स्वतःहून?”

“स्वतःहून.”

“आणि हे बोट?”

“टँकरच्या झाकणात सापडलं. घाईत उतरले.”

पोलिसानं फडक्याकडे बघितलं, रिव्हॉल्वरच्या घोड्यावरच्या रक्ताकडे बघितलं, बराच वेळ बाईंकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या तसंच लिहून घेतलं. तो भगव्या नाड्यांचा माणूस काय घडलं ते खरं सांगत होता, पण ऑगस्टमधली मारहाण त्याच्यावर शाबीत झाली आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. माझ्यावर खटला झाला नाही. मला परत पाठवलं नाही. रिव्हॉल्वर पुढे पोलिसांनी दाजींना परत दिलं, त्यांनी ते घरी न आणता तसंच बंदुकांच्या दुकानदाराला विकलं. मी गाडीत बसायला लागलो.

बाईंचा अंगठा पुन्हा वाकला नाही. नख मधोमध दुभंगून वाढतं. नळाची चावी त्या पुढे डाव्या हातानं फिरवायच्या आणि दहाला कपही डाव्या हातानं घ्यायच्या. तो कप मी पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या डाव्या हाताशीच ठेवायचो. एकदा धीर करून विचारलं, “मॅडम, त्याच्यासाठी तुम्ही एवढं केलंत?”

“त्याच्यासाठी?” त्या म्हणाल्या. “त्याला मी ओळखतसुद्धा नाही. दहाची कॉफी मला कुणी दिली असती?”

मग रोल घेऊन निघून गेल्या.

आता त्यांनी टँकर सोडलाय. टेकडीवरच्या घरात एकट्या राहतात, मुलगी लांब. चाकूनं सफरचंद सोलताना मला दिसतं, चाकू घसरतो. मी सोलायला घेतलं की रागावतात. मी त्यांना सांगून ठेवलंय, एकटीनं राहणं जमेनासं होईल त्या दिवशी मुलीच्या आधी मला फोन करायचा. त्या हसतात, म्हणतात, तुझं दुकान कोण बघेल. दुकानाला कुलूप लावीन. त्या दिवशी मी टेकडीवर जाईन आणि त्या हाताचं सगळं काम माझ्या हातांनी करीन, त्या असेपर्यंत. अजून तो दिवस आलेला नाही. पण मावशी, मी तो फेडणार आहे, तुमचा तो अंगठा.