चार गोधड्यांची उंची

बारा तारीख, मंगळवार. व्यायामाचे रबरी पट्टे साबणाच्या पाण्यातून काढून गॅलरीतल्या दोरीवर टाकत होते, तेव्हा मोशीच्या बाईंचा फोन आला. "म्याडम, उद्यापासून येऊ नका. आता लागत न्हाई." मी बरं म्हटलं आणि उरलेले पट्टे टाकले.

मी फिजिओथेरपिस्ट. चिंचवडपासून चाकणपर्यंत स्कूटरवरून घरोघरी जाते. पेशंटने येऊ नका म्हटलं, की तो बहुतेक वेळा कंटाळलेला असतो. या बाई कंटाळणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"ओके. पुढचा पीस." हे त्यांचं वाक्य. चाकणच्या एका कारखान्यात त्या बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होत्या. समोर आलेला पार्ट उचलायचा, फिरवून बघायचा, पिवळ्या मार्करने ठिपका द्यायचा आणि पुढे सोडायचा. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. भाजीवालीकडचं एकेक वांगं देठापासून फिरवून बघत त्या पुटपुटायच्या, "ओके. पुढचा पीस." अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. तिच्यामागे रांगेत उभं राहू नये.

डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. सगळा भार उजव्या पायावर, म्हणून उजवा गुडघा दुखरा. कंबर तर कायमचीच. वजन शहाण्णव किलो. पहिल्या दिवशी मी बॅग ठेवायच्या आत त्या म्हणाल्या, "वजन कमी करा, हे सोडून काय ते सांगा. ते सगळ्या डॉक्टरांनी सांगून झालंय."

"मी सांगणार नव्हते. पलंगावरून उठून दाखवा."

त्यांचे मिस्टर पुढे आले, दोन्ही हात धरून त्यांनी ओढलं, तेव्हा त्या उठल्या. सवयीचं काम दिसत होतं. दोघंही धापा टाकत होते.

"तुम्हाला काय जमायला हवंय?" हे मी सगळ्यांना विचारते. त्यांनी मोरीजवळ उभा करून ठेवलेला लाकडी पाट दाखवला. "त्याच्यावर बसायचंय, पाय लांब करून. आन् आपलं आपण उठायचंय. लेकीला चौथा लागलाय. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचंय."

लेक मारुंजीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळ्यांना मान्य होतं. पण विहीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "तुमालाच उठवाया मानूस लागतंय. बाळ-बाळंतिणीचं कोन करनार? पोरगी हितंच ऱ्हाऊ द्या."

"राग आला का?" मी विचारलं.

"राग कशाचा? खरं हाय ते. रिजेक्ट मालाला रिजेक्टच म्हणावं लागतं."

मग आम्ही प्लास्टिकच्या भक्कम खुर्चीवर चार गोधड्या घड्या करून रचल्या. एवढ्या उंचीवरून त्या कुणाच्या हाताशिवाय उठू शकत होत्या. खुर्ची भिंतीला टेकवलेली, समोर पलंगाचा कठडा. बसायचं, उठायचं. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. जमलं, की दहा-बारा दिवसांनी एक गोधडी कमी. त्या गोधड्यांना त्या शिमा म्हणायच्या. मशीनची उंची जुळवायला खाली पातळ पत्रे सारतात, ते शिम. मी दारात दिसले की विचारायच्या, "आज शिम काढायची का?"

प्रत्येक वेळी उठल्यावर मार्करचा ठिपका कॅलेंडरवर. कठड्याला लोंबकळून उठल्या असतील, तर ठिपका नाही. मी म्हणायचे, हरकत नाही, मोजा. त्या मोजायच्या नाहीत. मिस्टर पेपरमागून म्हणायचे, "कंपनी सुटली म्हटलं, सुटलो. आता घरातच शिफ्ट सुरू झाली."

"तुम्हाला ओव्हरटाइम लावू का?" बाई बसता बसता म्हणायच्या.

गोधड्या संपल्या. खुर्ची जाऊन बुटकं स्टूल आलं. आणि त्या आठवड्यात घोटाळा झाला.

सोमवारी गेले तर बाई आडव्या. कूस बदलता येत नव्हती. कॅलेंडरवर मात्र रविवारच्या चौकोनात जागा नव्हती, इतके ठिपके. मिस्टरांना चार दिवस ताप होता, त्यांच्या उस्तवारीत व्यायाम राहून गेला. म्हणून बाईंनी चार दिवसांचे ऐंशी आणि रविवारचे वीस, असे शंभर एका दिवसात उरकले होते.

"बॅकलॉग काढला," त्या छताकडे बघत म्हणाल्या.

"अंगाला बॅकलॉग नसतो, ताई."

"मग राहिलेला माल जातो कुठं?"

"कुठे जात नाही. तो बनलाच नव्हता."

त्यांनी मान वळवून कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लई दुखायलंय, म्याडम." तक्रार म्हणून नव्हे, दोष नोंदवावा तसं. डोळे मात्र भरले होते. लेकीला सातवा लागायला महिना राहिला होता आणि त्यातले पंधरा दिवस पलंगावर गेले.

पुन्हा सुरू केलं ते दोन गोधड्यांपासून. नियम नवा: दुखेल त्या दिवशी तीनच वेळा, राहिलेलं विसरायचं. हे विसरणं त्यांना उठण्यापेक्षा जड गेलं. पण पाळलं.

ओटीभरणाचं ठरवायला विहीणबाई मोशीला आल्या, तेव्हा मी तिथेच होते. चहा झाला. कुणी विषय काढायच्या आत बाईंनी पाट मोरीजवळ टाकला, कॅलिपर काढला, पलंगाला एक हात लावून खाली बसल्या. पाय लांब केले. मग कुशीवर वळल्या, दोन्ही हात टेकले, उजवा गुडघा खाली घेतला आणि उठल्या. सावकाश, पण उठल्या.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "परत येकदा."

मला ते आवडलं नाही. मी तोंड उघडणार, तोवर बाई म्हणाल्या, "ओके. पुढचा पीस," आणि बसल्यासुद्धा. या खेपेला उठताना मध्येच अडकल्या. गुडघा थरथरायला लागला. मिस्टर उठले, मीही पुढे झाले. बाईंनी मान न वळवताच, "थांबा," म्हटलं. आम्ही थांबलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पलंगाची कड करकरली आणि बाई उभ्या राहिल्या.

"व्हय," विहीणबाई म्हणाल्या. "न्या पोरीला. पन चाळीस दीस न्हाऊ घालाया बाई लावायची. माजं नातवंड हाय, मला घोर नको."

"लावते," बाई म्हणाल्या. "एक्केचाळिसाव्या दिवशी मी."

त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं, की रस्त्यात थांबून उसाचा रस प्यायले. एरवी मी रस्त्यावरचं काही पीत नाही.

नात झाली. पाळणाघरासारख्या गोंधळात आमचा व्यायाम चालू राहिला. वजन दोन किलो उतरलं, कंबर पूर्वीइतकीच दुखते. आणि मग, नातीच्या चाळिसाव्या दिवशी, हा फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोशीला गेले. माझी फोमची उशी त्यांच्याकडे राहिली होती. दार उघडं होतं. बाई भिंतीला पाठ टेकून पाटावर बसलेल्या, उजव्या पायाला लागून डावा बारीक पाय, खाली टॉवेलची घडी. दोन्ही पायांवर पालथी नात, शेजारी वाफाळती बादली आणि तांब्याने पाणी घालणारी लेक. नात जीव तोडून रडत होती. बाईंनी मला पाहिलं, पण हात मोकळे नव्हते. मी उशी मागितली नाही. चपला काढल्याच नव्हत्या; स्कूटर वळवली आणि पुढच्या पेशंटकडे गेले.