बैलाचं वशिंड

माणूस जातो, पण त्याची आठवण मातीत कायम राहते. हे वाक्य माझं नाही. बालाघाटला आमच्या वॉर्डातल्या सामुदायिक भवनावर टांगलेल्या फ्लेक्सवर ते हिंदीत छापलेलं होतं, आणि त्याखाली 'चाय-नाश्ते की व्यवस्था है'. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. भुताखेतांची पुस्तकं लोकांना दिली, परत घेतली, विश्वास मात्र कधी ठेवला नाही. आजही ठेवत नाही... म्हणूनच हे इथे लिहितोय.

ज्येष्ठांसाठी कला-कार्यशाळा होती. विषय – 'स्मृती आणि वियोग'. मी गेलो तो थोरल्या बहिणीला, विमलताईला, सोबत म्हणून. तिचे यजमान, आमचे भावजी, उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला होते. तिथेच तिचा एकुलता एक गुड्डू तापाने गेला, चार वर्षांचा असताना. त्याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली. फोटो एकही नाही. कार्यशाळेचं ताईनेच काढलं, याचं मला नवल वाटलं होतं. त्याचं कारण पहिल्याच दिवशी कळलं.

भोपाळहून आलेल्या प्रशिक्षिका म्हणाल्या, "अपने प्रियजन का चेहरा बनाइए." सगळे कामाला लागले. ताई ब्रश धरून नुसती बसून राहिली.

"काहून थांबली वो ताई?"

"तोंडच येऊन नाही राह्यलं त्याचं," ती म्हणाली. "वाटलं होतं, हातात रंग आला का येईन. माय आहो मी त्याची, अन् मले तोंड नाही आठवत."

मी चहा आणायला उठलो.

दुसऱ्या दिवशी माती होती. ताईने कोणाला न विचारता बैल केला – पाय, शिंगं, पाठीवर टपोरं वशिंड. मग प्रशिक्षिकांनी सगळ्यांना डोळे मिटून गेलेल्या माणसाला 'भेटायला' सांगितलं. अशा वेळी मी तत्त्वाने डोळे उघडे ठेवतो. पण हॉलभर गंभीर चेहरे करून बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघवेना, म्हणून बैलाकडे बघत होतो.

वशिंड खाली गेलं. हळूच... कणकेच्या गोळ्यात कोणी अंगठा रुतवावा तसं. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिने डोळे उघडले. "तू दाबलं?"

"नाही वो. ओली माती बसते कधी कधी."

तिने चिमूटभर माती लावून वशिंड पुन्हा चढवलं आणि पाण्याच्या वाटीकडे वळली. मीही वाटी पुढे सरकवली, तेवढंच. परत बघतो तर वशिंड दबलेलं, आणि खळग्याच्या टोकाला नखाची बारीक कोर. माझी करंगळीही त्यात नीट बसली नाही. हॉलमध्ये साठीच्या आतलं माणूस एकच, प्रशिक्षिका. त्यांची नखं लांब, रंगवलेली.

ताई घाबरली असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावली होती.

"दाबू नको म्हटलं ना रे," ती बैलाला म्हणाली.

मग मला म्हणाली, "तान्ह्या पोळ्याले साऱ्या पोरायजवळ लाकडाचे बैल राहे. याले मी मातीचा करून देओ. तर हा वशिंड दाबून टाके. म्हणे, माय, त्याच्या पाठीवर ओझं नको ठेवू, आज त्याची सुट्टी हाय. मी लावो, तो दाबे."

हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गुड्डूबद्दल ती बोलतच नसे.

खळग्यावरची नजर न काढता तिने मला विचारलं,

"तुले दिसला का?"

"नाही."

"मले बी नाही," ती म्हणाली. "हातच आला फक्त."

तिने पुन्हा चिमूटभर माती उचलली. बोटांत मळली... आणि उरलेल्या मातीच्या गोळ्याला परत लावून टाकली.

"राहू दे. सुट्टी हाय त्याची."

मला अजून याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. माती वाळताना काय काय होतं ते बरंच वाचलं. नखाबद्दल कुठेही काही नाही. ताईला चेहरा अजूनही आठवत नाही. पण आता ती त्याच्याबद्दल माझ्याशी बोलते.

समारोपाला प्रदर्शन होतं. प्रमुख पाहुणे मातीतल्या स्मृतींवर पुष्कळ बोलले आणि ताईला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. वशिंड नसल्यामुळे समोरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं – 'भैंस'.