निळा टाका

चर्चच्या मंडळीत उभं राहून देवाने काय केलं याची साक्ष देणाऱ्या बायकांवर माझा कधी विश्वास बसला नाही. कोणाचा ताप प्रार्थनेने उतरला, कोणाची हरवलेली अंगठी तांदळाच्या डब्यात सापडली. मी पेटीपाशी बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, ताप तिसऱ्या दिवशी उतरतोच, आणि अंगठी हिनेच काढून ठेवली असेल. आज मीच साक्ष लिहायला बसले आहे. वाचणाऱ्याने माझ्यावरही तसाच संशय घ्यावा, माझी हरकत नाही. तो हक्क मी स्वतः जन्मभर वापरला आहे.

माझे वडील मिशनच्या बंगल्यात माळी होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बायकांतच नव्हे, पुरुषांतही पहिली. हे मी कोणाला विसरू देत नसे. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक म्हणतात तसा वेळ खायला उठला नाही. रविवारी उपासनेला पेटी वाजवायची, बुधवारी महिला मंडळ, सकाळी शेवंतीच्या कुंड्या, दुपारी विणकाम. शेवंतीला प्रदर्शनात बक्षिसं मिळत, आणि विणकामात जबलपूरच्या आमच्या मंडळीत माझा हात धरणारं कोणी नाही असं मी समजत होते. इतरांनाही तसंच वाटतं, असंही समजत होते.

ते एकाहत्तर साल. युद्ध तोंडावर आलेलं. दारूगोळ्याच्या कारखान्यांचे भोंगे वेळीअवेळी वाजत, आमच्यातले निम्मे पुरुष दोन-दोन पाळ्या करत, आणि खिडक्यांना काळा कागद लागला होता. कारखान्यातलं बाहेर बोलू नका, अनोळखी माणसावर लक्ष ठेवा, असं जो तो सांगत होता. मला सांगायची गरज नव्हती. मी ओळखीच्या माणसांवरही लक्ष ठेवून असायची. कमानिया गेटजवळच्या दुकानदाराने त्या वर्षी मला विटलेली लोकर दिली म्हणून मी त्याच्याशी भांडले. तो बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बहनजी, रंग तो वही है." माझी शेवंतीही त्या वर्षी फिकट उमलली होती. मी खतवाल्याला दोष दिला. पेटीवर एखादा सूर चुकला तर पेटी जुनी झाली. दुकानदार, खतवाला, पेटी, काळा कागद, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एकच गोष्ट संशयातून सुटली होती.

महिला मंडळाने जवानांसाठी कानटोप्या विणायचं ठरवलं. नाताळाच्या आधी पार्सल जायचं होतं. प्रमुख अर्थातच मी. लोकर मी आणायची, बुधवारी उपासनामंदिराच्या बाजूच्या खोलीत वाटायची, विणून आलेलं तपासायची. एखादीची वीण सैल लागली तर सगळ्यांसमोर भर्रकन उसवून तिच्या हातात द्यायची. "पुन्हा करा." शाळेची सवय. माझ्या स्वतःच्या टोपीच्या आतल्या कडेला मात्र मी निळ्या लोकरीचा एक टाका घालत असे. विचारलं तर म्हणायची, खूण असावी म्हणून. खरं कारण गर्व. कुठल्याशा बर्फात कोणाच्या तरी कानावर माझी टोपी आहे, हे टोपीलाही कळलं पाहिजे, असा.

त्याच सुमारास सुमित्रा नावाची एक बाई मंडळीत येऊ लागली. अमरावतीकडची. नवरा नुकताच कारखान्यात लागलेला, घर घमापूरला. ही दाराजवळ बसे आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जाई. खांद्यावरची पिशवी कधी खाली ठेवत नसे. आणि विचारपूस फार. "तुमच्या घरच्यांची पाळी कोणती? किती वाजता सुटतात? कोणत्या रस्त्याने येतात?" मी हे माझ्या शेजारी बसणाऱ्या कमलाबाईंच्या कानावर घातलं.

"अच्छा! म्हणजे जासूस आहे म्हणता?" कमलाबाईंना हसू आवरेना. "बाई, जासूस असती तर साडी तरी धड नेसली असती."

"हसू नका. लोकांच्या पाळ्या काहून विचारून राहिली ती?"

"बोलायला कोणी नसेल बिचारीला."

"बिचाऱ्या दिसणाऱ्यांकडेच मी दोनदा बघते."

"तुम्ही तर स्वर्गाच्या दारावरच्या संत पेत्राकडेही ओळखपत्र मागाल," कमलाबाई म्हणाल्या आणि सुया पुढे चालवू लागल्या.

नोव्हेंबर संपता संपता मी कपाटातली टोप्यांची थप्पी दारापाशी उन्हात नेऊन एकेक उलटी करून पाहिली. माझ्या टोप्यांपैकी जेमतेम दोन सापडल्या. बाकीच्यांत निळा टाकाच नाही. थप्पी मात्र तेवढीच. म्हणजे कोणीतरी माझ्या टोप्या काढून आपल्या भरत होतं. बुधवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती खोली झाडायचं काम कोणाकडे होतं? सुमित्राकडे. बी.ए.च्या डोक्याला अर्थ लावायला वेळ लागत नाही. चांगल्या विणीच्या टोप्या घरी न्यायच्या, आपली रद्दी जवानांच्या माथी मारायची. त्यात ते पाळ्या विचारणं. दोन्ही धागे मी एकत्र ओवले आणि कारखान्याच्या साहेबाला इंग्रजीत पत्र लिहिलं. अमुक कामगाराची बायको लोकांच्या पाळ्यांची चौकशी करते, तिची वागणूक संशयास्पद आहे, दखल घ्यावी. त्या दिवसांत असं एक पत्र माणसाची नोकरी घालवायला पुरेसं होतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिलं, हेही इथे सांगून टाकते.

पत्र टाकण्याआधी मी पाळकसाहेबांकडे गेले. सल्ला घ्यायला नव्हे, त्यांनी माझ्या सावधपणाचं कौतुक करावं म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, परवा रविवारी प्रभुभोजन आहे."

आमच्यात रीत आहे. कोणाविषयी मनात काही असेल तर आधी त्याच्या दारी जाऊन बोलायचं. तसं न करता प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायचा नाही. "पत्र सोमवारीही टाकता येईल," ते म्हणाले. "आधी तिच्या घरी जाऊन या."

मी गेले ते नम्रपणे नव्हे. पेटीवाली बाई प्रभुभोजन न घेता बसून राहिली तर लोक काय म्हणतील, म्हणून गेले.

शनिवारी दुपारी, लख्ख उन्हात, मी घमापूरच्या गल्लीत शिरले. पर्समध्ये पत्र. घरांचे नंबर पुसट होते, म्हणजे मला तसं वाटलं. मी भिंतीला हात लावत, मनात नगरपालिकेला दोन शब्द सुनावत चालले होते, तेवढ्यात कोणीतरी माझा दंड घट्ट धरला आणि मागे ओढलं.

"बाई! पायाखाली नाली हाय!"

खाली पाहिलं. उघडी, हातभर रुंद, काळी नाली. पुढचं पाऊल तिच्यातच पडलं असतं. भर उन्हात मला ती दिसली नव्हती. दंड धरणारी सुमित्रा होती. हातात पाण्याची बादली तशीच, अर्धी सांडलेली. तिने विचारलं नाही की तुम्ही इथे कशा. माझा हात धरून, दोन पायऱ्या आहेत, आता उंबरा आहे, असं सांगत तिने मला अंगणात नेलं. मला तिचा राग आला. इतकं जपून न्यायला मी काय आंधळी होते?

अंगणात दोरीवर हिरवट लोकरीच्या ओल्या लडी टांगल्या होत्या आणि खाली वरवंटा बांधला होता. विणकाम करणारीला हे सांगावं लागत नाही. विणलेली वस्तू उसवली की लोकर शेवयांसारखी कुरळी होते. ती धुऊन वजन बांधून टांगली की सरळ होते. मी बोटांनी चाचपून पाहिलं. एका लडीत वळ अजून राहिले होते. चोरी हातात सापडली.

"या माझ्या टोप्या आहेत."

"हो, बाई. तुमच्याच."

ती इतक्या सहज बोलली की माझी तयार वाक्यं वायाच गेली. खाटेवर तिचा नवरा पाळीला जाण्याआधी जेवत बसला होता. तो हात धुऊन उठून उभा राहिला. सुमित्रा आतून एक न उसवलेली टोपी घेऊन आली. आत निळा टाका होता, म्हणजे माझीच. ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "पाहू नोका. बोट फिरवा."

मी बोट फिरवलं. कानाच्या जागी बोट आरपार गेलं. चार बोटं पुढे पुन्हा गेलं. सुटलेले टाके, धावत गेलेली वीण. शाळेतल्या मुलीने अशी टोपी आणली असती तर मी वर्गासमोर उसवली असती.

"तिकडे बर्फ हाय म्हणतात," ती म्हणाली. "कानाले वारं लागलं असतं न. मी खोली झाडाले लवकर येतो, तवा एक-एक आणतो, अंगणात बसून पुन्हा विणतो आणि नेऊन ठेवतो."

"मला का नाही सांगितलं?"

तिने टोपी माझ्या हातून घेतली. मग हळूच, "तुमाले कोण सांगन, बाई? अन् सगळ्या बायांसमोर मी तुमची टोपी उसवू?"

तिने कोनाड्यातून एक काड्यापेटी काढली. आत निळ्या लोकरीचे तुकडे. उसवताना निघालेले माझे टाके. "फेकवले नाही. पण परतही नाही लावले. विणलं मी अन् खूण तुमची, हे खोटं झालं असतं." तिच्या आईची नजर अशीच गेली होती, ती सांगू लागली. आईही भिंतीला हात लावत चालायची, रंग विटले म्हणून भांडायची. माझं गीतांचं पुस्तक उघडून त्याकडे न पाहता पेटी वाजवणं, पहिल्याच रविवारी तिने ओळखलं होतं. आणि पाळ्या? तिचा नवरा सुटे तेव्हा काळ्या कागदामुळे सगळी वाट अंधारी. नव्या गावात, त्याच वाटेने जाणारं सोबतीला कोणी मिळतं का, ते ती विचारत होती. शेवटच्या गीताआधी उठायची ती त्या पिशवीतला डबा त्याला द्यायला.

मी खाटेच्या कडेवर बसले. पर्स उघडली, रुमाल काढायला, आणि रुमालाबरोबर पत्र खाली पडलं. नवऱ्याने ते उचललं. इंग्रजी दिसल्यावर त्याने कौतुकाने उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात तर काहीच वाचता येऊन नाही राहिलं, बाई. ओळीवर ओळ चढली हाय. खाली तुमची सही दिसते, अन् हिचं नाव. हिच्यासाठी काही अर्ज हाय का?"

खोटं बोलायला याहून सोपी जागा आयुष्यात मिळाली नसेल. हो, शिफारस आहे, म्हटलं असतं तर त्यांनी चहा पाजून निरोप दिला असता. मी संशयी आहे, फटकळ आहे, पण खोटारडी नाही. मी त्या पत्रात काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. तो माणूस पांढरा पडला.

मग सुमित्रा म्हणाली, "मंग बाई, कोरा कागद देऊ? ओळी आखून देतो. या वेळेले नीट लिहा."

ते शब्द मला लागायलाच हवे होते, आणि लागले. मी रडले. ती हसली नाही, समजूतही काढली नाही. चहा ठेवायला आत गेली. पत्र मी तिच्याच चुलीत घातलं. तिने फुंकणीने फुंकर घातली आणि म्हणाली, "चलो, कशाच्या तरी कामी आलं."

रविवारी ती माझ्या शेजारी बसली. भाकर घेण्याआधी मी उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा साक्ष दिली. दोनच वाक्यं. माझी नजर जात आहे, आणि सुमित्राने माझ्या हातून जवानांसाठी झालेलं वाईट काम चांगलं करून ठेवलं आहे. कमलाबाईंनी सुस्कारा टाकला. कुसळ आणि मुसळाचा धडा मी रविवारच्या शाळेत कित्येक वर्षं शिकवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी शिकणाऱ्यांच्या बाकावर बसले.

पार्सल नाताळाआधी गेलं. राहिलेल्या टोप्या सुमित्राने विणल्या, मी लोकरीचा गुंडा धरून बसायची. मध्येच ती विचारी, "निळा टाका घालू?" मी म्हणायची, नको. ज्याच्या कानाला ऊब लागेल त्याला कोणाचं नाव नको असतं. ज्याला ठाऊक असायला हवं त्याला ठाऊक आहे.

युद्ध संपल्यावर माझ्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. दवाखान्यात दोन्ही वेळा तीच होती. जाड भिंगांचा चष्मा मिळाला, शेवंती पुन्हा पिवळीधमक झाली, आणि कमानिया गेटला जाऊन मी दुकानदाराची माफी मागितली. मग एका दुपारी सुमित्राने मला देऊन टाकलेली ती काड्यापेटी आठवली. उघडून खिडकीत धरली. त्यातले निम्म्याहून अधिक टाके निळे नव्हतेच. काळे होते. मी निळा म्हणून काळा धागा ओवत होते, आणि मंडळीत सगळ्यांना माझ्या निळ्या टाक्याचा महिमा सांगत होते.

सुमित्राने तो एकेक टाका उसवून काढला होता. तिला रंग दिसत होता. हे मात्र तिने मला कधीच सांगितलं नाही, आणि मीही तिला विचारलं नाही.

तो चमत्कार होता की नाही, मी वाद घालणार नाही. एवढं सांगते, की मी ज्या हातावर सगळ्यात जास्त संशय घेतला, त्याच हाताने मला नालीपासून मागे ओढलं. आजही मी सहजासहजी कोणावर विश्वास ठेवत नाही. पण सकाळी प्रार्थनेला बसते तेव्हा त्या काड्यापेटीवर हात ठेवते आणि म्हणते, प्रभू, माझी वीण तुला दिसते. मला न सांगता उसव. मी हरकत घेणार नाही.