आधी हात की आधी पाय

गोडादऱ्याच्या मैदानावर अंजनाबाईंची जागा ठरलेली होती. पंचांच्या टेबलापासून उजवीकडे, कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या मागे, चुन्याच्या रेघेपासून दोन हातांवर. खुर्ची दिली तर त्या घेत नसत. "वर बसलं की पाय दिसत नाहीत," म्हणायच्या. खाली जुन्या चादरीचा घडी केलेला तुकडा, त्यावर त्या. सामना चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलायला गेलं, तर नजर न हलवता हातानंच बाजूला हो म्हणायच्या.

मी सुरतेतच, लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षक होतो आणि कबड्डीच्या स्पर्धांत गुण लिहायला बसायचो. वीसेक वर्षं आम्ही दोघं एकाच रेघेच्या कडेला होतो म्हणायला हरकत नाही.

अंजनाबाई पारोळा तालुक्यातल्या. शाळेत नववीपर्यंत कबड्डी खेळल्या. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरून तिला खाली पाडायचं, हे त्यांचं काम. नववीतच लग्न ठरलं आणि त्या सुरतेला आल्या. नवरा, भगवान, लूमवर कामाला होता. खेळाची त्याला काही आवड नव्हती. त्या काळी मैदानावर बायका येत नसत. अंजनाबाई घरी साड्यांचे धागे कापायचं काम करत; भरतकाम झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं कापून साफ करायचे. झालेल्या साड्यांचं गाठोडं व्यापाऱ्याकडे पोचवायला निघायच्या आणि वाटेत मैदानाशी थांबायच्या. गाठोडं खाली ठेवायच्या, त्यावर बसायच्या. कुणी विचारलं तर हात दुखतो म्हणून टेकले, असं सांगायच्या. दोन-तीन वर्षांनी विचारणारेच थकले. भगवान गेल्यावर गाठोडं आणायचंही कारण उरलं नाही. तोवर त्या सगळ्यांच्या मासी, म्हणजे मावशी, झाल्या होत्या. खानदेशातली पोरं, ओरिसाची, युपीची, गुजराती, सगळी मासीच म्हणत.

त्यांचा संघ म्हणजे गोडादऱ्याचं एकता मंडळ. हा संघ चांगला होता आणि कायम हरायचा. साखळीत जिंकायचा, उपांत्य सामना जिंकायचा आणि अंतिम सामन्यात काहीतरी व्हायचं. एका वर्षी कप्तानाचा खांदा निखळला. एका वर्षी सहा गुणांची आघाडी शेवटच्या चार मिनिटांत गेली. पुढच्या वर्षी दोन खेळाडूंना शिफ्टमधून सुट्टीच मिळाली नाही, संघ पाच जणांवर खेळला. प्रत्येक वेळी अंजनाबाई घरी जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या आणि स्वतः जेवायच्या नाहीत. त्यांची सून सुवर्णा मला एकदा म्हणाली, "सर, आमचे सासरे गेले तेव्हा आई तिसऱ्या दिवशी जेवल्या. मंडळ हरलं की चौथा उजाडतो." तिनं हे हसत सांगितलं, पण अतिशयोक्ती फारशी नसावी.

तीन वर्षांपूर्वी उतराण, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यानंतरच्या रविवारी पुन्हा अंतिम सामना होता. समोर पांडेसऱ्याचा संघ. तारांवर अजून पतंग अडकलेले होते. हा सामना शेवटचा आहे, हे एकताच्या पोरांना ठाऊक होतं. दोघांनी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये नोकरी धरली होती, एक जण गावी परत चालला होता. हे सात जण पुन्हा एकत्र उतरणार नव्हते.

एकताचा मुख्य चढाईपटू वैभव. चोवीस वर्षांचा, भरतकामाच्या मशीनवर काम करणारा, अंजनाबाईंच्या गल्लीतला. तो सात वर्षांचा असल्यापासून अंजनाबाई त्याला ओळखत. पोरगं लाजाळू, पण मैदानात उतरलं की वेगळंच व्हायचं.

सत्तावीस-सत्तावीस गुण झाले आणि शेवटची चढाई एकताची आली. वैभव गेला. पांडेसऱ्याचा कप्तान प्रमोद उजव्या कोपऱ्यात होता, म्हणजे अंजनाबाईंच्या अगदी समोर. वैभव कडेकडेनं सरकत गेला, अचानक झेपावला, हात लांब केला आणि तसाच वळून मध्यरेषेकडे पळाला. प्रमोद त्याच्यामागे झेपावला, पण वैभव रेषा ओलांडून गेला होता. एकताची पोरं नाचायला लागली.

पण कडेच्या पट्टीची चुन्याची रेघ पुसली गेली होती. वैभवचा पाय पट्टीत पडला होता, यात शंका नव्हती. नियम असा, की समोरच्याला हात लागण्याआधी पाय पट्टीत गेला तर चढाईपटू बाद. हात लागल्यानंतर गेला तर चालतो. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की आधी हात लागला की आधी पाय गेला. दोन पंचांपैकी एक म्हणाला हात, दुसरा म्हणाला पाय. मुख्य पंचांच्या बाजूनं प्रमोदची पाठ आडवी आली होती. दोन्ही संघ मैदानात घुसले. ढकलाढकली सुरू झाली.

तेव्हा प्रमोदनं हात वर केला. "मासीला विचारा," तो ओरडला. "मासी समोर बसलेली. ती सांगेल ते आम्हाला मान्य."

एकताच्या पोरांनी लगेच होकार दिला. मासी तर त्यांचीच. एकानं आधीच शर्ट काढून फिरवायला सुरुवात केली होती.

मुख्य पंच अंजनाबाईंजवळ आले. नियमात असं काही बसत नव्हतं, मी टेबलावरून तसं म्हटलंही, पण माझं कुणी ऐकलं नाही. अंजनाबाई उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला. वैभवकडे त्यांनी पाहिलं नाही.

"पहिले पाय गया," त्या म्हणाल्या. घाबरल्या की त्या अहिराणीत बोलत. "मंग हात लागना."

आधी पाय गेला, मग हात लागला. मी वहीत पांडेसऱ्याच्या नावावर एक गुण लिहिला. अठ्ठावीस-सत्तावीस.

 वैभव खाली बसला आणि गुडघ्याची पट्टी सोडायला लागला. ती सोडायला त्याला फार वेळ लागला. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, एकानं पाण्याचा जग लाथाडला. अंजनाबाई घडी उचलून घरी गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या, असं सुवर्णानं मला नंतर सांगितलं. खरं बोलल्यावर जेवायला काय हरकत आहे, असं म्हणाल्या म्हणे.

आठ दिवसांनी व्हिडिओ आला. पांडेसऱ्याच्याच कुणीतरी शेजारच्या गच्चीवरून काढलेला होता आणि विजयाच्या आनंदात टाकला होता. पोरांनी तो हळू करून पाहिला. मीही पाहिला. वैभवची बोटं प्रमोदच्या खांद्याला लागतात. मग त्याचा उजवा पाय पट्टीत टेकतो. मध्ये फार वेळ नाही, पापणी लवायला लागतो तेवढाही नाही. पण आधी हात आहे.

अंजनाबाईंकडे बटणांचा फोन होता. गल्लीतल्या कुणीही त्यांना व्हिडिओ दाखवला नाही. पोरांनी ठरवून केलं असंही नाही, प्रत्येकानं आपापलं टाळलं. त्या मात्र भाजीवाल्यापाशी, दळणाच्या चक्कीत, जिथे विषय निघेल तिथे सांगत राहिल्या. "पोरांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण दिसलं ते दिसलं." लोक मान हलवायचे आणि दुसरीकडे पाहायचे.

महिनाभरानं त्या माझ्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या.

"सर, मला एक सांगा. मी आले की पोरं फोन खिशात घालतात. काय आहे त्या फोनमध्ये?"

मी टाळायचा प्रयत्न केला. नीट टाळता आलं नाही. शेवटी दाखवला. त्यांनी तो चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी म्हणाल्या, "इथं थांबवा." मी थांबवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"हात आधी आहे."

"हो."

"मग मला पाय आधी कसा दिसला?"

मी म्हटलं, इतक्या जवळून दोन्ही एकदम दिसणं शक्यच नव्हतं. हात वर होता, पाय खाली. कुणालाही एकच दिसलं असतं.

"मी पायाकडेच बघत होते," त्या म्हणाल्या. "मी कायम पायाकडेच बघते." मग फोन माझ्या हातात देत: "हाताकडे पाहिलंच नव्हतं, तर 'मंग हात' असं मी बोलले कशी?"

 त्या रडल्या नाहीत. चष्मा परत घातला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट बदलायच्या वेळी त्या वैभवच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. काय झालं ते मला वैभवनंच सांगितलं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. हात आधी लागला होता."

"मला माहीत होतं, मासी. माझाच हात होता."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तुम्ही बोललात ना."

यावर त्या जोरात चिडल्या. दारातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "मी बोलले म्हणून काय झालं? भांडायचं! मी म्हातारी बाई, मला चष्मा आहे. तू सांगायचं, की मासीला दिसलं नाही. तुझी सात माणसं होती तिथं, त्यांच्यासाठी तरी भांडायचं!"

वैभव म्हणाला की माफी मागायला आलेली बाई आपल्यालाच झापतेय, हे त्याला कळेपर्यंत त्या निघूनही गेल्या होत्या.

पांडेसऱ्याला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. सिटी बसनं गेलो. प्रमोदचं कापड रंगवण्याच्या युनिटशेजारी छोटं नाश्त्याचं दुकान होतं. जिंकलेला कप तिथेच काउंटरवर ठेवला होता, त्याला हार होता. अंजनाबाईंनी त्याला सरळ सांगितलं, की व्हिडिओ पाहिला, गुण आमचा होता.

प्रमोद नम्र माणूस. त्यानं खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. "मासी, निकाल लागला. आता काय करायचं? कप हवा तर घेऊन जा."

"कप नको मला. एक विचारायचंय. त्याचा हात तुझ्या खांद्याला लागला. तुला कळलं असंल की."

प्रमोदनं चहा बशीत ओतला, मग लक्षात आलं की आपण बशीतून पीत नाही, आणि परत कपात ओतला.

"धावपळीत काय कळतं, मासी?"

"आणि तरी मला विचारा म्हणालास."

"तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून म्हणालो."

अंजनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो प्रामाणिकपणे बोलत होता की नाही, हे मला ठरवता आलं नाही. त्यांनाही आलं नसावं. चहा संपवून आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये त्यांनी दोघांचं तिकीट काढलं. मग म्हणाल्या, "त्याला कळलं होतं. पण मी त्याच्या जागी असते, तर बोलले असते का, ते मला सांगता येत नाही." आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

एकता मंडळ त्यानंतर उरलं नाही. वैभवनंही पलसाण्याला नोकरी धरली, लग्न केलं, तिकडेच खोली घेतली. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आयोजकांनी दोन कॅमेरे लावले आणि अंजनाबाईंना स्टेजवर पाहुण्यांमध्ये बसवलं. त्यांच्या गळ्यात हार घातला. त्या हार घालून दोन सामने बसल्या. गोडादऱ्याचा नवा संघ पहिल्याच फेरीत एकवीस गुणांनी हरला. स्टेजवरून त्यांना पाय दिसत नव्हते, पण त्या उठून खाली गेल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "राहू द्या. आता लांबून बरं वाटतं." त्या रात्री त्या व्यवस्थित जेवल्या, असं सुवर्णा म्हणाली. ती हे सांगताना काळजीत होती.

यंदा वैभवनं त्यांना फोन केला. पलसाण्याच्या मिलवाल्यांच्या संघातून तो खेळणार होता, दोन रविवार सामने होते. अंजनाबाई पहिल्या रविवारी गेल्या, मीही गेलो. वैभवचं पोट सुटलं होतं. तीन चढायांत तीनदा पकडला गेला. संघ अकरा गुणांनी हरला. अंजनाबाई पूर्ण वेळ उभ्या होत्या आणि ओरडत होत्या, इतक्या, की पंचांनी दोनदा हात जोडले. सामना संपल्यावर वैभवची बायको डबा घेऊन आली. झाडाखाली बसून सगळ्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. अंजनाबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या आणि खाता खाता वैभवला त्याचं कुठे काय चुकलं ते सांगत राहिल्या. तो मान डोलवत होता.

दुसऱ्या रविवारी त्यांच्या भाचीचं पारोळ्याला लग्न होतं, त्यामुळे त्या गेल्या नाहीत. तो सामना वैभवचा संघ जिंकला. सुवर्णा सांगते, त्यानं मांडवात फोन केला तेव्हा पंगत बसली होती.

"किती गुणांनी?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"तू किती घेतले?"

"सात, मासी."

आजूबाजूला वाजंत्री जोरात होती. त्यांनी दुसऱ्या कानात बोट घातलं आणि समोर कोण होतं, कोपऱ्यात कोण उभा होता, पहिली पकड कुणी केली, असं एकेक विचारायला लागल्या. वाढपी पानात भात घालून पुढे गेला.