पाणी चाखणारी मैना

गणपतीत आमच्या सोसायटीच्या गेटवर एक कागद लागला. 'मैना कोळी, फिशटँक सफाई, यांना आवारात प्रवेश बंद. हुकमावरून, सेक्रेटरी.' सेक्रेटरी म्हणजे मीच. कृष्णकांत गुप्ते, वय सदुसष्ट, राहणार नवीन पनवेल. मजकूर माझा, अक्षर माझं, सही माझी. आमच्या आवारात मैनाकडे चौदा घरांचे टँक होते. त्या एका कागदाने चौदाच्या चौदा घरं तिची गेली, आणि तिचे महिन्यातले निम्मे दिवस रिकामे झाले. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मागाहून सभ्यपणाचा आव आणायला नको.

मैना उलव्याकडची. बापाचं खाडीकाठी खारं शेत होतं, शेताच्या कोपऱ्यात तळं, आणि तळ्यात जिताडे मासे. भरतीच्या वेळी बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, थोडीशी उचलायची, खाडीचं पाणी हळूहळू आत घ्यायचं, पुन्हा पाडायची. पाणी घेण्याआधी बाप ओंजळभर तोंडात घेऊन चाखायचा आणि थुंकून टाकायचा. फार खारट असेल, गढूळ असेल, वरच्या अंगाच्या कारखान्याचा वास येत असेल, तर त्या दिवशी उघाडी बंद. हे ती पोरगी असताना शिकली. पुढे शेतही गेलं, तळंही गेलं, आता तिथे सिमेंटच्या गाड्या फिरतात. नवरा विठू बंदरात कंटेनरच्या यार्डात लागला. मैना दोन-तीन वर्षं पाटी घेऊन मासळी विकत फिरली. एका गिऱ्हाइकाच्या घरी मरायला टेकलेला टँक तिने नुसतं पाणी चाखून दुरुस्त केला, तेव्हापासून मेलेले मासे सोडून जिवंत माशांच्या मागे लागली.

माझा टँक पाच फुटी, चारशे लिटरचा. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, मन रमवा. आमच्यासारख्या आठवड्यातून चार दिवस मासे खाणाऱ्या घरात मासे पाळायचे म्हणजे विनोदच, पण नऊ गोल्डफिश आणले आणि जीव जडला. पहिल्या महिन्यात मी बादल्या उचलून कंबर धरली. मग मैना आली आणि मला माझ्याच घरात अडाणी ठरवून मोकळी झाली.

"काका, बादल्या कशाला उचलता? पाणी काय पायांनी चालत नाय?"

तिची पद्धत अशी. आधी टँकच्या फिल्टरची मोटर बंद. पाइप नळाखाली धरून पाण्याने भरायचा, दोन्ही टोकांना अंगठा, एक टोक टँकच्या तळाशी, दुसरं खाली ठेवलेल्या पिंपात. अंगठे काढले की पाणी आपोआप उतरतं आणि तळाची घाण ओढून नेतं. तोंडाने ओढायचं काम नाही. काचेवर तिने लाल पट्टी चिकटवली होती. पाणी पट्टीपर्यंत उतरलं की थांबायचं, म्हणजे चौथा हिस्सा, त्याच्या खाली कधी नाही. नवं पाणी आदल्या दिवशीच गॅलरीतल्या दुसऱ्या पिंपात भरून ठेवलेलं असायचं. त्यात हवेचा दगड रात्रभर बुडबुडे काढायचा, म्हणजे पाण्यातलं औषध, ते क्लोरीन, उडून जातं. मग छोट्या पंपाने ते वर चढवायचं, टँकमध्ये एक बशी ठेवून तिच्यावर धार सोडायची, वाळू उसळत नाही. अर्ध्या तासात काम फत्ते, फरशीवर थेंब नाही. आणि पंप लावण्याआधी, न चुकता, चूळभर नवं पाणी तोंडात.

मी म्हणायचो, "मैने, किती घाणेरडी सवय ही."

"घाण तुमच्या टाकीन हाय, काका. माज्या तोंडान नाय."

तोंडाळ बाई. माझ्याशी बरं जमायचं.

आता परेशचं. परेश चौथ्या मजल्यावर राहतो, चांगल्या कंपनीत आहे. त्याच्याकडे दीड फुटाचा अरोवाना होता. सोनेरी, देखणा, पाण्यात गस्त घालणारा. काही लोक मानतात तसं तोही मानायचा की हा मासा घरावरचं संकट स्वतःवर घेतो. त्याच्या घरी पिंप नव्हतं. नवी फरशी खराब होते म्हणून त्याने ठेवूच दिलं नव्हतं. तिथे मैना नळाचं पाणी घेऊन, चाखून, क्लोरीन मारणारे थेंब नेहमीच्या मापाने घालून टँक भरायची. हरतालिकेच्या दिवशी दुपारी तिने परेशचं पाणी बदललं आणि गणेश चतुर्थीच्या सकाळी, आरतीच्या आधी, तो मासा पोट वर करून तरंगताना सापडला. घर पाहुण्यांनी भरलेलं. परेशची आई रडत होती. परेश तडक माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, त्या बाईने काहीतरी घातलंय. ती पुन्हा आत आली तर मी काय करीन सांगता येत नाही."

सणाच्या दिवसांत तमाशा नको म्हणून मी कागद लावला. मैना गेटवर आली, कागद वाचला, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही आख्खं गेट डोक्यावर घेणार. ती एक शब्दही बोलली नाही. पिशवी खांद्यावर टाकली आणि गेली. मी मनात म्हटलं, बघा, चूक असल्याशिवाय ही गप्प बसेल का?

नीता, माझी बायको, म्हणाली, "अहो, निदान विचारायचं तरी तिला."

"विचारायचं काय त्यात? मासा मेला ना?" मी असा माणूस आहे.

वीस दिवस गेले. टँक गढुळला. गॅलरीतलं पिंप भरून ठेवायचं मी रोज विसरायचो. एका रविवारी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. बाथरूमच्या नळाला पाइप, पाइपचं दुसरं टोक टँकमध्ये, दहा मिनिटांत खेळ खलास. म्हटलं, हे सोपं. सकाळी नऊला लाल पट्टीकडे ढुंकूनही न बघता निम्मं पाणी काढलं. नीता मध्ये पडली म्हणून ते झाडांसाठी पिंपात उतरवलं, नाहीतर मोरीतच सोडणार होतो. मग नळ सोडला.

पाच मिनिटं झाली नसतील, मासे वर आले. नऊच्या नऊ तोंडं पाण्याबाहेर, आ वासलेली. एक तिरका होऊन काचेला आपटला. त्याच्या कल्ल्यांतून लाल दिसायला लागलं. मी नळ बंद केला, मोटर सुरू केली, पुन्हा बंद केली. मघाशी आंघोळीला डोळे चुरचुरले होते ते मी साबणावर ढकललं होतं.

"मैनाला फोन करते," नीता म्हणाली आणि माझ्या परवानगीची वाट न बघता तिने केला. मैना खांदा कॉलनीत कुणाकडे तरी काम करत होती. म्हणाली, "नळ बंद करा, हवा जोरान सोडा, मी रिक्षा पकडतंय."

दहा मिनिटं. एवढी लांब दहा मिनिटं मी माझ्या बायपासच्या वेळीही काढली नव्हती. सर्वांत छोटा मासा तळाला गेला तो वर आलाच नाही. मग इंटरकॉम वाजला. गेटवरचा काळूराम.

"साहेब, ती मैना आलीय. मी सोडली नाय तिला."

"अरे, सोड तिला वर."

"पण तुमचाच कागद हाय ना, साहेब. परेश सायबांनी परत परत सांगितलंय. लेखी असल्याबिगर कसा सोडू? माजी नोकरी जाईल."

मी त्याला फोनवर काय काय बोललो ते लिहीत नाही. त्याचं काही चुकत नव्हतं, हे बोलतानाही कळत होतं. लिफ्ट वर अडकलेली. मी तीन मजले जिन्याने उतरलो, धापा टाकत गेटवर गेलो आणि कागद टराटरा फाडला. मैना कागदाच्या तुकड्यांकडे न बघता माझ्या पुढे जिना चढून गेली.

तिने टँकमध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. लगेच थुंकली.

"ब्लीचिंगची पावडर हाय. भारी हाय. जुना पाणी कुठं?"

"पिंपात," नीता म्हणाली.

"काकी, देवानं वाचवलं तुमाला." मैनाने हवेचा दगड पिंपात टाकला, जाळीने एकेक मासा अलगद उचलून जुन्या पाण्यात सोडला. माझ्याकडे जाळी दिलीच नाही. मग पिशवीतून थेंबांची बाटली काढून आख्खी टँकमध्ये रिकामी केली, बाह्या वर करून पाणी ढवळत बसली. मग आम्ही तिघं पिंपावर वाकून बघत राहिलो. एक मासा आडवा पडलेला, कल्ले हलत होते की पाण्याने हलल्यासारखे वाटत होते, कळत नव्हतं. अर्ध्या तासाने तो सरळ झाला. आठ वाचले.

मैनाने पदराने हात पुसले. मग हळू आवाजात विचारलं, "काका, ही पावडर कवा टाकली वरच्या टाकीन?"

"आज पहाटे. पाण्यात अळ्या आल्याची तक्रार होती. काळूरामला मीच सांगितलं."

"किती?"

"मागल्या वेळेइतकीच."

बोलून गेलो आणि मग तारीख आठवली. मागल्या वेळी म्हणजे हरतालिकेच्या सकाळी. सणाला पाहुणे येणार म्हणून सोसायटीची टाकी धुतली होती. टँकरच्या पाण्याला वास येत होता म्हणून पावडर दुप्पट टाकायला मीच सांगितली होती. एक दिवस पाणी वापरू नका, असा कागद लावायचा असतो. मी लावला नव्हता. सणाच्या तोंडावर चाळीस घरं माझ्या अंगावर धावून आली असती.

मैना माझ्याकडे एकटक बघत होती. "मागल्या वेळी म्हंजे कवा?"

नाही सांगितलं तरी चालणार होतं. काळूरामला तारीख आठवत नसती आणि परेशला कुणी विचारलं नसतं. एक क्षण मी तसं ठरवलंही होतं. नीता माझ्याकडे बघत होती.

"हरतालिकेला," मी म्हटलं. "सकाळी."

मैना पिंपाची कड धरून फरशीवर बसली.

"मना वाटला मीच मारला तो मासा," ती म्हणाली. "माजा निर्जळी उपास होता. विठूसाठी धरते दर साली. पाणी तोंडान घ्यायचा नाय ना त्या दिवशी, मंग चाखलाच नाय. त्यांच्या घरान फिनाइल मारलेला, वास पण नाय समजला. थेंब टाकले आनि भरला. इस दिवस, काका. इस दिवस झोप नाय मना. विठूला पण सांगितला नाय, त्याच्यासाठीच्या उपासान जीव गेला म्हणून. म्हणून तर गेटवर गप बसली मी."

तिच्या गप्प बसण्याचा मी काय अर्थ लावला होता, ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मला लाज वाटली. साठी ओलांडलेल्या माणसाला बायकोसमोर वाटू नये इतकी वाटली.

"मी आत्ताच दुसरा कागद लावतो," मी म्हटलं. "प्रवेश सुरू केल्याचा. तुझी सगळी घरं परत मिळतील."

"कागद नको." ती उठली. तिचा आवाज आता नेहमीचा झाला होता, धारदार. "कागद लावलात तर लोक बोलतील, गुप्ते काकांनी दया केली. चला, परेशकडं. माज्यासमोर सांगा."

"त्याची आई असेल घरी. पाहुणेही असतील, रविवार आहे."

"त्या दिवशी पण होते ना पाहुणे."

लिफ्ट आली होती. एकच मजला चढायचा होता, पण मघाशी तीन मजले चढलो होतो म्हणून लिफ्टच घेतली. मैना माझ्या मागे उभी राहिली नाही, शेजारी राहिली. बेल तिनेच वाजवली. परेशने दार उघडलं आणि तिला बघून त्याचा चेहरा फिरला. तो काही बोलायच्या आत मी बोललो.

"परेश, तुमचा मासा मी मारला."

मग सगळं सांगितलं. टाकी, दुप्पट पावडर, न लावलेला कागद. आतून त्याची आई बाहेर येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी दोघं-तिघं. परेश माझ्याकडे बघतही नव्हता. तो मैनाकडे बघत होता.

त्याची आईच पुढे आली. तिने दार पूर्ण उघडलं, मैनाचा हात धरला आणि म्हणाली, "ये गं, आत ये. चहा घे."

मैना आत गेली. परेश बाजूला झाला, तिच्यामागून आत वळला आणि दार लोटून घेतलं. मी थोडा वेळ बाहेर पायपुसण्यावर उभा राहिलो. मग जिन्याने खाली आलो.