अकरा नंबरच्या पेटीची किल्ली

त्या मोठ्या तपासणी प्रयोगशाळेकडे सव्वीस मोटारसायकली होत्या. प्रत्येकीच्या सीटमागे बोल्टने पक्की केलेली पत्र्याची पेटी, आत बर्फाच्या पिशव्या, नमुन्यांच्या बाटल्या उभ्या राहतील अशी जाळी आणि झाकणातच बसवलेलं कुलूप. गावभरच्या दवाखान्यांतून नमुने आणायला पोरं दिवसभर ये-जा करत. या कारभारावर एक वाहतूक प्रमुख होते. माणूस इतका टापटिपीचा की पोरं त्यांना माघारी 'यादीसाहेब' म्हणत. साहेबांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

जादा किल्ल्यांचा फळा ही त्यांचीच कल्पना. भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर सव्वीस खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबर आणि त्या नंबराच्या पेटीची जादा किल्ली. एखाद्याने किल्ली हरवली की फळ्यावरच्या किल्लीवरून कोपऱ्यावरच्या दुकानात मशीनवर नवी काढायची. जुनी पोराच्या हातात, नवी खिळ्यावर. सहा वर्षं हा नेम बिनबोभाट चालला. दर शनिवारी साहेब जातीने किल्ल्या मोजत. सव्वीस भरल्या की वहीत सही करत आणि समाधानाने हात झटकत. त्यातली एकही किल्ली त्यांनी कधी कुलपात घालून पाहिली नव्हती.

त्या दिवशी सव्वा अकराला अकरा नंबरचा स्वार आवारात शिरला. उतरताना त्याने हातमोजा ओढला, त्याबरोबर किल्ली उडाली आणि थेट गटाराच्या जाळीतून खाली गेली. त्याला काही फार वाटलं नाही. फळा होताच. साहेबांनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. ती कुलपात सुळकन गेली, पण फिरेना. उलटसुलट करून पाहिली, तेल सोडलं, तरी नाही. पोरगा जोर लावायला लागला तेव्हा साहेबांनी त्याचा हात धरला. आत तुटली असती तर सगळंच संपलं असतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. त्यांना दवाखान्यातून फोन आला होता. त्या पेटीत एका सात वर्षांच्या मुलीच्या पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी होतं. तापात ती कालपासून शुद्धीवर नव्हती आणि कुठलं औषध द्यायचं हे त्या पाण्यातल्या पेशी मोजल्याशिवाय ठरणार नव्हतं. तासाभरात त्या पेशी फुटायला लागतात, अकराला नमुना घेतलाय, म्हणजे बारापर्यंतच वेळ आहे, असं त्यांनी सांगितलं. परत काढता नाही का येणार, असं साहेबांनी चाचरत विचारलं.

"तिसऱ्या खेपेला सुई बरोबर बसली," बाई म्हणाल्या. "त्या लेकराला परत वाकवा म्हणून सांगायची माझी तरी छाती नाही."

शेजारच्या गॅरेजवाल्याने छिन्नी-हातोडा आणला. बाईंनी त्याला पेटीला हातही लावू दिला नाही. पत्र्यावर घाव बसला की आत बाटली हादरणार, आणि झाकण कापायचं तर पत्रा तापणार. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर किल्ली होती, नंबर होता, शनिवारच्या सह्या होत्या, आणि पेटी बंद होती.

"समोरच्या काकूंना बोलावू का?" फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं.

काकू म्हणजे रस्त्यापलीकडे चपलांच्या दुकानाच्या जिन्याखाली बसणारी किल्लीवाली. साठीच्या आसपासची, चष्म्याला दोरी, पुढ्यात एक छोटा शेगडा आणि पाच-सहा कानशी. तिच्याकडे मशीन नाही म्हणून साहेब सहा वर्षं तिच्यासमोरून कोपऱ्यावरच्या दुकानात जात आले होते. शेगडा म्हणजे लोखंडी पकड, किल्ली आवळून धरायची; ती पाहून साहेबांना तिच्या धंद्याची कीवच यायची.

काकू आली ती सावकाश. मागून तिचा नवरा तिची हत्यारांची पेटी आणि शेगडा घेऊन आला. तो निवृत्त बसकंडक्टर, आणि बायकोचं दुकान उघडायचं-मिटायचं काम त्याच्याकडे. काकूने आधी कुणाची पेटी, आत काय, हे विचारून घेतलं. मालक आणि कुलूप दोन्ही समोर असल्याशिवाय ती कानस उचलत नसे, हे नवऱ्यानेच सांगून टाकलं. मग तिने फळ्यावरची किल्ली हातात घेतली, अंगठ्याचं नख तिच्या दातांवरून एकदा नेलं आणि चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं.

"ही किल्ली नाही हो साहेब. किल्लीच्या नातीची नात आहे. नाक आईसारखं, डोळे आजीसारखे, पण घरचं कुणी ओळखत नाही."

साहेबांना क्षणात सगळं कळलं. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली किल्ली मुळातच झिजकी जन्मते. तिच्यावरून काढलेली आणखी झिजकी. अकरा नंबरची किल्ली सहा वर्षांत पाचदा तरी हरवली होती. दर खेपेला केसभर चूक वाढत गेली, आणि ते शनिवारी ती मोजत राहिले.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

काकूने आपल्या हत्यारांच्या पेटीतून एक कोरी किल्ली काढली. शेगड्यात धरायच्या आधी ती कुलपाच्या भोकावर बोट टेकवून जराशी थांबली, जसं कुणी झोपलेल्या माणसाचा श्वास पाहावा. नवरा हलक्या आवाजात साहेबांना सांगत होता. कुलपांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं होती. कुलपाच्या आत पितळी पत्र्या असतात, त्या भरायचं काम तिच्याकडे. या जातीच्या कुलपात पत्र्या पाच, प्रत्येकीसाठी किल्लीवर एक दात, आणि त्या दाताला खोलीच्या पायऱ्या चारच. पाचवी पायरी कारखाना करतच नाही. कारखाना बंद पडला, मशिनं भंगारात गेली, पण पायऱ्या तिच्या बोटात राहिल्या.

"दोन," काकू पुटपुटली आणि कानस चालली. "चार." परत कानस. "तिसरी दोन का तीन, सांगत नाही लबाड. एक. तीन."

किल्ली झिजते तेव्हा तिचा दात खालीच जातो, वर कधी येत नाही. म्हणून ती झिजल्या दातावरून मागे जात होती, नातीपासून आजीकडे, आणि मूळ पायरी गाठत होती. साहेबांनी आयुष्यभर आकड्यांशी संसार केला होता. पण चुकलेल्या आकड्यांवरून बरोबर आकडा असा बोटाने शोधून काढणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. तिसरा दात तिने वरच, दोनवर ठेवला. धातू काढता येतो, परत लावता येत नाही.

साडेअकरा झाले होते. किल्ली घातली. फिरली नाही. स्वार पोरगा कपाळाला हात लावून खाली बसला. "ऊठ रे," काकू म्हणाली, "उजेड अडवू नको."

तिने मेणबत्ती पेटवून किल्ली ज्योतीवर धरली. काजळीने ती काळीभोर झाली. मग ती कुलपात घालून तिने अगदी हलकेच, चिमटीने, दोन्ही बाजूंना ताणली आणि बाहेर काढली. सगळे वाकले. काळ्या किल्लीवर, बरोबर तिसऱ्या दातावर, मोहरीएवढा पितळी ठिपका चमकत होता. बाकी काजळी जशीच्या तशी. जिथे पायरी बरोबर तिथे कुलूप बोललं नव्हतं. जिथे चूक तिथे बोट ठेवलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय असलेल्या डॉक्टरबाईंनी तो ठिपका आणखी जवळ जाऊन पाहिला.

कानशीचे चार हात. पुन्हा काजळी, पुन्हा ताण. आता ठिपका नव्हता. काकूने किल्ली पुसली, घातली आणि ती स्वतः न फिरवता बाजूला झाली.

"तुमची पेटी, तुम्ही उघडा," ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी चिमटीत किल्ली धरली. किल्ली फिरली, लोण्यात सुरी जावी तशी. बाईंनी बाटली उचलली आणि त्या जिना चढून गेल्यासुद्धा. घड्याळात अकरा त्रेचाळीस.

पुढची वीस मिनिटं साहेब जिन्याशीच उभे राहिले. बारा वाजून पाच मिनिटांनी बाईंनी वरून खिडकीतून हात केला. पेशी शाबूत होत्या, मोजून झाल्या होत्या, औषध ठरलं होतं, फोन गेला होता. संध्याकाळी कळलं, मुलीचा ताप उतरणीला लागलाय आणि तिने आईकडे पाणी मागितलं.

दिवेलागणीला साहेब रस्ता ओलांडून जिन्याखाली गेले. उद्यापासून सव्वीसही कुलपं एकेक करून तुमच्यासमोर आणतो, हे ते सांगायला आले होते. सांगितलंही. पण पाय निघेना. शेवटी त्यांनी विचारलं की तो तिसरा दात आधी आणि नंतर, किती फरक होता.

काकूने दोन कोऱ्या किल्ल्यांवर एकेक खाच घासली, एक दोनची आणि एक तीनची, आणि दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "डोळे मिटा. अंगठा फिरवा."

साहेबांनी डोळे मिटले. अंगठा फिरवला, परत फिरवला. त्यांना दोन्ही एकसारख्याच लागल्या.

"कळत नाही," ते म्हणाले.

"कळेल," काकू कानशी गुंडाळत म्हणाली. "मलासुद्धा दोन वर्षं गेली होती."

साहेबांनी डोळे उघडले नाहीत. ते अंगठा फिरवत राहिले.