सासूबाईंच्या तोंडातली काच

शहाद्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई दुखण्याचं कधीच आधी विचारत नसत. मनगट धरून गाईचं, भाकरीचं विचारायच्या. नजर मात्र समोरच्या बाईच्या नखांवर.

आमच्यात सासूसमोर सून बोलत नसे. म्हणून मला काय होतंय हेही सासूबाईच सांगायच्या. "तिले काय व्हस! कामना कटाळा शे."

नर्सबाई दर खेपेला ऐकून घ्यायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी थर्मामीटर सासूबाईंच्याच तोंडात ठेवला. "बोलू नका माय, काच फुटी जाई."

मग आम्हा दोघींच्या मध्ये, सासूबाईंकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आते तू सांग बेटी, कोठे दुखस?"

काच निघायच्या आत सगळं सांगायचं होतं, आणि मला सुरुवातच सापडेना.